रामरक्षा रोज म्हणत होते, तरीही माझा मुलगा गेला

प्रिय ताई,

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. वय चोपन्न. आमच्या तीन पिढ्या इंदूरातच गेल्या. यजमान बँकेतून निवृत्त झालेत, सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा होता, पीथमपूरला नोकरीला. दहा महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्ट करून मोटरसायकलवर घरी येत असताना राऊजवळ चुकीच्या बाजूने आलेल्या डंपरने त्याला उडवलं. हेल्मेट होतं. वेग नव्हता. त्याची काहीएक चूक नव्हती. तेव्हापासून मी राऊच्या पुढे गेलेली नाही.

तो दहावीत असल्यापासून मी रोज संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणत आले, खास त्याच्यासाठी. निघताना दारात 'हळू चालव रे' म्हणायची, ते वेगळंच. बुधवारी खजराण्याच्या गणपतीला जायची. त्याला नोकरी लागावी म्हणून तिथे देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढला होता, लागल्यावर जाऊन सुलटा काढून आले. त्या संध्याकाळी रामरक्षा चालू असताना कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या म्हणून मी मधेच उठले, गॅस बंद केला, परत येऊन बसले आणि पुढची म्हटली. आमच्या भजनी मंडळातल्या एक बाई तेराव्यानंतर म्हणाल्या, कवच असं मधे सोडू नये, तुटतं ते. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मी दिवा लावत नाही. सासूबाई लावतात. त्यांचा हात थरथरतो, काडी विझते, त्या पुन्हा पेटवतात. मी आतल्या खोलीत बसून राहते. यजमान त्याचं नाव घेत नाहीत. पहाटे फिरायला जातात ते दोन-दोन तास येत नाहीत. लोक चांगले आहेत. शेजारच्या भाभींनी तेरा दिवस डबा दिला, त्याचे कंपनीतले मित्र अजून रविवारी येऊन बसतात, सिलिंडर बदलून देतात, काही बोलत नाहीत. मुलगी म्हणते, देव-बिव काही नसतं आई, उगाच त्रास करून घेऊ नकोस. ती स्कूटी काढते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पोचल्याचा फोन येईपर्यंत हातपाय चालत नाहीत. परवा तिला म्हटलं, संध्याकाळचा क्लास सोडून दे. ती रडली.

नात्यातले म्हणतात, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा म्हणजे घरावरचं टळेल. कोणी म्हणतं देवाला आवडला. मला एवढंच विचारायचं आहे. ज्याने त्याला राखलं नाही तो मुलीला राखेल, हे मी कशाच्या जोरावर मानू? आणि माझ्यामुळे झालं का हो हे?

— एक आई

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुमच्यामुळे झालं नाही.

हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. रामरक्षेत ३८ श्लोक आहेत. म्हणणारी बाई मधे उठली तर रक्षण काढून घेतलं जाईल, असं सांगणारा एकही श्लोक त्यात नाही. उलट त्याच स्तोत्रात ते कसं मिळालं हे सांगितलं आहे: शंकराने बुधकौशिक ऋषींना स्वप्नात सांगितलं आणि त्यांनी सकाळी जागं झाल्यावर लिहून काढलं. झोपलेल्या माणसाला जे दिलं गेलं, ते गॅस बंद करायला उठलेल्या आईकडून हिरावून घेतलं जाईल, हे माझ्या मनाला पटत नाही आणि तुमच्याही पटू नये. आपल्या घरांमधून रामरक्षा अशीच म्हटली गेली आहे. मांडीवर पोर घेऊन, दूध उतू जातंय का हे एका डोळ्याने बघत, दारावरच्या माणसाला हाताने 'थांब' अशी खूण करत. सगळी कामं आटोपून, दार लावून, निवांत बसून म्हणायची चैन आपल्या आजी-पणजींपैकी कितीजणींना मिळाली असेल?

त्या रात्री डंपर चुकीच्या बाजूने आला. तुमचा मुलगा गेला त्याचं कारण हे आहे. त्या कारणाचा आणि तुमच्या कुकरचा काहीही संबंध नाही.

त्या बाईंबद्दल मात्र मला राग आला, तो लपवत नाही. त्या वाईट असतील असं मला वाटत नाही. त्या घाबरलेल्या असणार. दुसऱ्याच्या घरी एवढं मोठं दुःख कोसळलं की बघणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, आणि मग तो कारण शोधतो. कुणाची तरी चूक सापडली की बरं वाटतं. मी ती चूक करत नाही, म्हणजे माझी मुलं सुरक्षित आहेत, असं मनाला सांगता येतं. त्या बाईंनी स्वतःच्या भीतीवर औषध म्हणून ते वाक्य उच्चारलं आणि ओझं तुमच्या डोक्यावर ठेवून त्या घरी गेल्या. ते ओझं तुमचं नाही. ते खाली ठेवायला वेळ लागेल, पण ते तुमचं नाही एवढं आज धरून ठेवा.

आता अवघड भागाकडे येते. तो टाळून पुढे गेले तर तुमच्या पत्राला काही अर्थ राहणार नाही.

रामरक्षेच्या फलश्रुतीत म्हणणारा दीर्घायुषी होईल, सुखी होईल, पुत्रवान होईल असं लिहिलेलं आहे. तुम्ही ते इतकी वर्षं म्हटलं आहे, तुम्हाला पाठ आहे. तेव्हा 'देवाने असं वचन दिलंच नव्हतं' असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. शब्द तिथे आहेत. पण ते कोणत्या सुरातले आहेत हे बघायला हवं. नमस्कार केला की आजी 'शतायुषी हो' म्हणायची. ती काही हमी लिहून देत नव्हती; तिला जे हवं होतं ते सगळं ती नातवाच्या डोक्यावर हात ठेवून ओतत होती. तुम्ही दारात उभं राहून 'हळू चालव रे' म्हणत होतात तेही तेच. त्या रात्री ते त्याच्या कामी आलं नाही म्हणून ते रोजचं म्हणणं वाया गेलं, असं तुम्हाला वाटतं का? मला वाटत नाही. तो मुलगा रोज कुणीतरी आपल्या जिवासाठी बोलतंय हे ऐकत घराबाहेर पडला. संध्याकाळी आतून येणारा रामरक्षेचा आवाज ऐकत मोठा झाला. सव्वीस वर्षांत असा एक दिवस नसेल की आपण कुणाचे तरी आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं.

तरीही प्रश्न उरतोच. राखलं का नाही?

हा प्रश्न तुमच्या आधी एका आईने विचारला आहे, आणि थेट देवाच्या तोंडावर. द्रोणपर्वात अभिमन्यू पडल्यावर कृष्ण सुभद्रेला भेटायला जातो. सुभद्रा त्याची बहीण. अभिमन्यू त्याचा भाचा, पांडव वनवासात असताना द्वारकेत त्याच्याच नजरेसमोर वाढलेला. कृष्ण आधी तिला समजावतो. क्षत्रियाला साजेसं मरण आलं, वीरांना मिळते ती गती त्याला मिळाली, शोक करू नकोस, वगैरे. शोकाच्या घरी आलेला शहाणा माणूस जे बोलतो तेच. सुभद्रा ते ऐकते आणि मग विलाप करते. त्या विलापात ती मुलाला उद्देशून जे म्हणते त्याचा आशय असा: केशवासारखा नाथ असताना तू अनाथासारखा कसा रे मारला गेलास?

तुमचाच प्रश्न आहे हा. आणि तिने विचारला तेव्हा तो नाथ समोर उभा होता.

मला महाभारतातली ही जागा फार मोलाची वाटते, कारण व्यासांनी सुभद्रेचं हे वाक्य गाळलं नाही आणि ती असं बोलली म्हणून तिला पापी ठरवलं नाही. कृष्णही तिच्याशी वाद घालत नाही. तो स्वतः दुःखाने व्याकूळ झालेला आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे. रडून-रडून सुभद्रा भान हरपते, तेव्हा तो तिच्यावर पाणी शिंपडतो, थरथरणाऱ्या बहिणीला सावरतो, आणि मग पुन्हा धीराचे दोन शब्द बोलतो.

आणखी एक गोष्ट. अभिमन्यू सोळाव्या वर्षीच का गेला याचं कारण महाभारताने आदिपर्वात देऊन ठेवलं आहे. तो चंद्राचा मुलगा वर्चा, आणि चंद्राने त्याला पृथ्वीवर पाठवताना सोळाच वर्षांची मुदत घातली होती. म्हणजे कथेला कारण ठाऊक आहे. पण ते कारण त्या दिवशी सुभद्रेला कोणी ऐकवत नाही. 'देवाला आवडला', 'तेवढंच आयुष्य घेऊन आला होता', 'मागच्या जन्मीचं देणं' असं तुम्हाला येता-जाता सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं. वरचा हिशेब खरा असेलही. पण मुलगा गेलेल्या आईसमोर तो उघडायचा नसतो. कृष्णानेही उघडला नाही.

तेव्हा तुमचा राग, तुमचं दिवा न लावणं, आतल्या खोलीत बसून राहणं, यातल्या कशानेही तुमची श्रद्धा गेली असं मी म्हणणार नाही. जो नाहीच त्याच्यावर कोणी रुसत नाही. आपली संतमंडळी देवाशी किती भांडली! जनाबाई विठ्ठलाला शिव्या देते. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नाविना गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. त्यानंतर ते देवाशी जे बोलले त्यात गोडवा आहे तसा जाबही आहे. तुम्हीही बोला. 'मी तुझ्याशी बोलणार नाही' हेसुद्धा त्यालाच सांगा.

आपण इंदूरची माणसं, अहिल्यादेवींचं नाव घेतल्याशिवाय आपला दिवस जात नाही. राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि तुम्ही ज्या खजराण्याला जात होतात ते देऊळही त्यांनीच बांधवलं असं आपण मानतो. तुम्हालाही या दहा महिन्यांत कोणीतरी म्हणालंच असेल, की अहिल्यादेवींकडे बघा, केवढी दुःखं सोसली आणि कशा उभ्या राहिल्या. दुःखं सोसली हे खरं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये वडिलांहून अधिक असलेले सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. नातू गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि एकुलती एक मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्यादेवींनी तिची विनवणी केली, ती थांबली नाही.

पण त्या 'कशा उभ्या राहिल्या' हे सांगणारे मधलं पान उलटून पुढे जातात. अहिल्यादेवींच्या निधनानंतर पाव शतकाच्या आत माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या माणसांकडून ऐकून ते लिहून ठेवलं आहे. महेश्वरला चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवलं होतं. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा सगळा धीर सुटला. धरलेले हात सोडवता येईनात म्हणून त्या आपलेच हात दातांनी चावत होत्या. मग त्यांनी नर्मदेत स्नान केलं, वाड्यात गेल्या, आणि तीन दिवस जवळजवळ अन्नाला शिवल्या नाहीत, तोंडातून शब्द काढला नाही. काशी विश्वेश्वराचं देऊळ ज्यांनी १७८० मध्ये उभं केलं, सोमनाथ, गया, देशभर घाट-धर्मशाळा ज्यांनी बांधल्या, ज्यांची शिवभक्ती आजही सगळा देश वाखाणतो, त्या बाईची ही अवस्था झाली होती. एवढा धर्म करूनही देवाने त्यांची लेक वाचवली नाही, म्हणून त्यांची भक्ती खोटी होती असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल का? आणि त्या हात चावत होत्या म्हणून त्यांची श्रद्धा कमी होती असं तरी कोण म्हणेल?

तुम्हाला मिळालेले दहा महिने आणि त्यांचे ते तीन दिवस यांची तुलना करू नका. त्यांना राज्य होतं, कारभारी दारात उभे होते, थांबून चालणार नव्हतं. तुम्हाला थांबायची मुभा आहे. थांबा.

आता देव राखतो म्हणजे काय, याबद्दल मी काय मानते ते सांगते. सिद्ध करून दाखवता येणार नाही, पण मी ते मनापासून मानते.

अपघात होणार नाही, आजार येणार नाही, असं राखणं देवाने कुणाच्याच वाट्याला दिलेलं नाही. खुद्द रामाच्या घरी ते नव्हतं. दशरथ मुलाच्या विरहाने गेला आणि तेव्हा राम त्याच्याजवळ नव्हता. कौसल्येने चौदा वर्षं वाट बघितली. रामरक्षेत आपण एकेका अवयवासाठी रामाला ज्या नात्यांनी हाका मारतो, त्यात दशरथाचा मुलगा आणि कौसल्येचा मुलगा ही दोन नाती अगदी सुरुवातीला येतात, कपाळासाठी आणि डोळ्यांसाठी. ज्याच्यापुढे आपण हात जोडतो त्याला रडणारे आईबाप नवे नाहीत.

मग मागायचं काय? मी एवढं मागते, की जे येईल त्यात सोडून जाऊ नकोस. तुमच्या मुलालाही त्याने सोडलं असं मला वाटत नाही. त्या रात्री त्या रस्त्यावर त्याच्याजवळ कोणी नव्हतं हा विचार तुम्हाला रोज खात असेल; पत्रात लिहिलेला नाही, पण असणार. तुम्ही दहा-अकरा वर्षं ज्याला रोज संध्याकाळी त्याच्यापाशी राहायला सांगत होतात, तो त्या क्षणी त्याच्यापाशी होता, असं मी मानते. तुमची हाक तिथवर पोचली होती. तिचं फळ आपल्याला हवं होतं ते मिळालं नाही. ते दुःख आयुष्यभराचं आहे आणि त्याला मी कुठलंही गोड नाव देणार नाही.

आणि तुमच्यावर पाणी शिंपडायलाही कोणी आलं की नाही, ते तुमच्याच पत्रात आहे. तेरा दिवस भाभींचा डबा आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरं, ज्यांना अशा घरात काय बोलावं हे कुणी शिकवलेलं नाही, ती रविवारची सुट्टी घालवून तुमच्याकडे येऊन बसतात आणि सिलिंडर बदलतात. हे तुमच्या मुलाच्या बदल्यात मिळालेलं नाही, तसा बदला असूच शकत नाही. पण तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, आणि मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं.

मुलीचं आता सविस्तर बोलू या, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे आणि तो उद्या संध्याकाळी पुन्हा दारात उभा राहणार आहे.

तिला काही होणार नाही, ही खात्री मी देऊ शकत नाही. कोणताही देव, गुरुजी किंवा शांती देऊ शकत नाही. पूर्वीही नव्हती, तेव्हा तुम्हाला ते जाणवत नव्हतं एवढंच. आता जाणवतं आणि त्याची शिक्षा ती भोगते आहे. तिचा क्लास सोडवू नका. तिचा भाऊ गेला आहे, ताई. वडील बोलत नाहीत, आई आतल्या खोलीत आहे. तिला बाहेर पडायला ती स्कूटी आणि तो क्लास एवढंच उरलं असेल. ती 'देव-बिव काही नसतं' म्हणते ते तुमचं मन दुखवायला नव्हे. आई स्वतःला दोष देते आहे हे तिला बघवत नाही. देवच नाही म्हटलं तर आईची चूकही राहत नाही, असं तिचं साधं गणित आहे. तिच्याशी यावर वाद घालू नका. तिचं प्रेम ऐका.

तिच्याशी बसून काही गोष्टी ठरवा. पूर्ण चेहरा झाकणारं चांगलं हेल्मेट, पट्टा लावून. रात्री बायपासवर एकटीने जायचं नाही. पोचल्यावर एक मेसेज, निघताना एक. मधे तुम्ही फोन करायचा नाही, कारण गाडीवर असताना वाजणारा फोन हाच धोका आहे. हे माणसाच्या हातातलं झालं, आणि ते नीट करणं हाही भक्तीचाच भाग आहे. पुढची वीस-पंचवीस मिनिटं तुम्हाला जड जातील. ती आतल्या खोलीत एकटीने काढू नका. भाभींकडे जाऊन बसा, सासूबाईंचे पाय चेपून द्या, भाजी निवडायला घ्या. छाती धडधडेल, आणि मेसेज आला की ओसरेल. असं पुष्कळ वेळा व्हावं लागेल, तेव्हा कुठे शरीराला पुन्हा विश्वास बसेल. मनाच्या आधी शरीर शिकतं यात.

एक गोष्ट मात्र माझ्यावर सोपवून करा. झोप पार उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा 'मीही गेले असते तर बरं' असा विचार येत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात उशीर करू नका. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असते. दहा महिन्यांनंतरही दुःख तसंच ठसठसत राहणं आणि त्याने रोजचं जगणं अडणं, यावर उपचार असतात हे आता वैद्यकशास्त्र मानतं. औषध घेतलं म्हणजे देवावर विश्वास नाही, असं कोणी म्हणालं तर त्यांना मधुमेहाच्या गोळीबद्दल विचारा, ती घेणं ते देवाच्या भरवशावर सोडून देतात का.

नारायण नागबळीचं. त्र्यंबकेश्वरला तो तीन दिवसांचा विधी आहे, आणि अकाली गेलेल्यांना गती मिळावी या भावनेने लोक तो करतात. मुलासाठी अजून काहीतरी करावं असं तुमच्या आणि यजमानांच्या मनातून येत असेल, तर जरूर करा. पण 'केलं नाही तर मुलीचं काही वाईट होईल' या धाकाने निघणार असाल, तर जाऊ नका. त्या धाकाला अंत नाही. एक झालं की दुसरं कोणीतरी दुसरी शांती सुचवेल, आणि प्रत्येक वेळी तुम्ही पुन्हा त्या कुकरपाशी येऊन उभ्या राहाल. जे नात्यातले सुचवताहेत त्यांना 'वर्ष झाल्यावर बघू' एवढंच सांगा. वाद नको.

यजमान त्याचं नाव घेत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. ताई, तुमच्या पत्रातही ते कुठे नाही. सदरासाठी लपवलं असेल तर ठीक. पण घरातही असंच झालं असेल तर एका कुणीतरी सुरुवात करायला हवी. मोठं काही बोलायला नको. 'त्याला ही भाजी आवडायची नाही' इतकं चालेल, पण 'त्याला'च्या जागी नाव घेऊन. एखाद्या पहाटे यजमानांबरोबर फिरायला निघा. दोन तास ते कुठे जातात हे विचारू नका, बरोबर चाला. पुरुषांना समोरासमोर बसून रडता येत नाही, चालताना कधीकधी येतं. पुढेमागे मनाची तयारी झाली की दोघं महेश्वरला जाऊन या. रस्ता राऊवरूनच जातो हे मला ठाऊक आहे, म्हणून आता नको म्हणते. जाल तेव्हा वाड्यात मातीची लहान-लहान शिवलिंगं करून, पूजून, नर्मदेत सोडण्याची अहिल्यादेवींची रीत अजून पाळतात, ती थोडा वेळ बसून बघा.

दिव्याची घाई करू नका. सासूबाई लावताहेत, त्यांना लावू द्या. त्यांचाही नातू गेला आहे, आणि ब्याऐंशीव्या वर्षी नातवाच्या मागे राहणं काय असतं ते त्या कुणाला सांगत नसतील. वाटलं तर एखाद दिवशी काडी पेटवून त्यांच्या हातात द्या. स्तोत्र म्हणायची सक्ती नाही. रामरक्षा पुन्हा म्हणावीशी वाटली तर म्हणा, मधेच रडू आलं तर थांबा, उरलेली दुसऱ्या दिवशी म्हणा किंवा म्हणू नका.

दोन महिन्यांवर वर्षश्राद्ध आलं आहे. गुरुजींना बोलावून रीतीप्रमाणे सगळं होईलच. त्याच्या त्या मित्रांना त्या दिवशी जेवायला थांबवा. आधीच्या रविवारी त्यांना सांगा, की येताना प्रत्येकाने त्याची एकेक गोष्ट घेऊन यायची आहे, कंपनीतली, कँटीनमधली, तुम्हाला ठाऊक नसलेली. पोरं लाजतील, पहिल्याला बोलतं करावं लागेल. ते काम मुलीला द्या. आणि यजमानांना त्यांच्या पंगतीत बसवा, वाढायच्या कामाला लावू नका.